शेजारधर्म आणि क्षमा



मी सातवी शिकलेली. दुपारी तांदूळ निवडताना सुनेने मला एक इंग्रजी कादंबरी मराठीत सांगितली. मेरी बेथ कीन या अमेरिकन बाईंची, २०१९ सालची ‘आस्क अगेन, येस’. न्यूयॉर्कजवळ दोन पोलिसांची घरे शेजारी शेजारी. एका घरातली ॲन मनाने आजारी. पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. एका रात्री ती शेजारच्या फ्रान्सिसवर गोळी झाडते. त्याचा डोळा जातो. पुढे त्याचीच केट तिच्या पीटरशी लग्न करते! वर्षांनी ॲन उपचार घेऊन येते, तेव्हा केट तिला घरात घेते.

गेलेला डोळा काही परत येत नाही. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, हे मला तेव्हा कळले.

आमच्या शेजारीही एक सून रात्री ओरडत असे. मी दार लावून घेई. “चला, डॉक्टरांकडे मी येते बरोबर,” एवढे तिच्या सासूबाईंना म्हणायला हवे होते. म्हटले नाही.

भगिनींनो, वाटीभर साखर मागायला आपण शेजारी जातो. तसे दुःख विचारायलाही जाऊ या.