बंबातील लाकडाचा हिशेब

काश्मीर-सिमल्याकडे थंडीत घर तापवावे लागते. हैदराबादला तो प्रश्न नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवरील या शहरात पौषातली रात्र बहुधा चौदा-पंधरा अंशांवर थांबते. ८ जानेवारी १९४६ रोजी पारा ६.१ अंशांपर्यंत उतरला होता खरा; पण तो अपवाद. येथे तापवावयाचे ते स्नानाचे पाणी. म्हणूनच काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील जुन्या मराठी घरांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे आणि अंगणात लाकडांचा ढीग.

लाकूड स्वस्त, ही समजूत त्या ढिगाइतकीच जुनी आहे. ती एकदा तागडीत घालून पाहावी.

वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयास ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगले वाळलेले लाकूड किलोमागे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी देते. म्हणजे एका किलोत सात बादल्या व्हावयास हव्यात. प्रत्यक्षात उघड्या चुलीवर जेमतेम एक होते. बाकीची उष्णता भिंतींना, वाऱ्याला आणि धुराला जाते. बंबाची गोष्ट वेगळी. त्यात विस्तव मधल्या नळीत व पाणी त्याच्या सभोवार, त्यामुळे लाकूड बरेच वाचते. आपल्या तांबटांनी ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेची वाट न पाहता साधली होती!

खरी फसवणूक होते ती वखारीत. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. गिऱ्हाईक ते पाणी लाकडाच्या भावाने विकत घेते आणि घरी आणून पुन्हा लाकूड जाळूनच त्याची वाफ करते. किलोमागे हाती येते ती वाळलेल्या लाकडाच्या जेमतेम निम्मी उष्णता. म्हणून जाणती माणसे दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहात. वाळलेले खणखणते, ओले बद्द वाजते.

विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. बादलीला सुमारे ०.६ युनिट पुरे. तेव्हा चुलीवर पाणी तापविणाऱ्या कुटुंबाने एवढेच पाहावे, की एक किलो लाकूड ०.६ युनिटापेक्षा स्वस्त पडते काय. गॅसच्या शेगडीवर १४.२ किलोच्या टाकीत पावणेदोनशेच्या वर बादल्या निघतात. हैदराबादेतील घरगुती इंधनावर जागतिक बँकेने १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गॅस व रॉकेल सुलभ झाल्यावर शहरातील घरांनी लाकूड कसे सोडले, ते त्यात दिसते. लोकांना समजवावे लागले नाही. टाकी मिळू लागली, एवढे पुरे झाले.

त्याचे कारण पैशाच्या हिशेबाबाहेर आहे. पाच माणसांच्या घरी रोज पाच किलो, म्हणजे महिन्याला दीड क्विंटल लाकूड. ते फोडणे, आषाढात वळचणीखाली रचणे, ढिगात दडलेल्या विंचवाला भिऊन हात घालणे, राख काढणे, धुराने डोळे चोळणे. भाव विचारून पैसे मोजी तो घरधनी. उरलेले बहुधा घरातील बाईच्या, आणि त्यातही सुनेच्या, वाट्याला येई. लाकडाच्या किमतीत ही मजुरी कोणत्याच वहीत चढली नाही, म्हणून लाकूड स्वस्त दिसले. ती राख भांडी घासावयास फुकट मिळे, हेही खरे. पण घासणारे हातही तेच!

श्रोत्यांपैकी काहींच्या घरी माळ्यावर अजून बंब असेल. नरकचतुर्दशीला तो खाली उतरतो, चिंचेने घासून लखलखीत होतो, आणि त्या पहाटे किलोचा भाव कोणी विचारीत नाही. घरातील मंडळी अभ्यंगासाठी उठतात तेव्हा पाणी कढत झालेले असते. तो पेटविण्यासाठी कोणीतरी त्यांच्याआधी तासभर उठलेले असते.