ऑपरेशननंतरचं घरातलं दुखणं

(आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणावरून)



ऑपरेशनबद्दल आपण पुष्कळ बोलतो. गरजेचं होतं का, सही कुणाची घेतली, कर्ज किती झालं. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, सरकारने समिती नेमली. 82,309 जणींची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तिचं काय होतं, ते आपल्या पत्रकांत येत नाही. आज मी तेवढंच बोलणार आहे.

वस्तीत मी विचारते, "दुखतं का?" उत्तर ठरलेलं. "दुखणारच की, बाईचा जन्म!" सोसते ती चांगली, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की गोळी मागायचीसुद्धा लाज वाटते. आता सोसून काय होतं बघा. दुखतं म्हणून ती खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. गोळी हे लाड नव्हेत, बरं होण्याचाच तो भाग आहे.

पहिले दोन-तीन दिवस असह्य होईपर्यंत थांबू नका, सांगितलेल्या वेळेला गोळी घ्या. पॅरासिटामॉल 500 ची असेल तर एका वेळी एक किंवा दोन, मध्ये सहा तास, आणि दिवसरात्र मिळून आठच्या वर कधीही नाही. बाई अशक्त असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत हेच औषध दुसऱ्या नावाने असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक उपाशीपोटी नको. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. उठताना आधी कुशीवर वळा.

हे सगळं सोपं. अवघड आहे तो हंडा! गर्भाशय काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. कागदावर 'विश्रांती' लिहितात, पण पहाटे नळाला कोण उभं राहणार, ते लिहीत नाहीत. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. तिथे गोळी किती पुरणार? म्हणून गटाने ऑपरेशनच्या आधीच त्या घरी जावं. सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोलावं, पाण्याच्या पाळ्या लावाव्यात. नवऱ्याचं नाव पाळीत पहिलं घाला!

आणि हे पाठ करा. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, थंडी-ताप, टाक्यातून पू, पोट फुगून उलट्या, अंगावरून खूप रक्त, लघवी अडणं, एका पोटरीला सूज, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर घरी गोळ्या देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, धाप असेल तर तत्काळ, 108 ला फोन करून. सुट्टी देतानाच गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून मागा. डॉक्टर चिडले तरी कागद हातात आल्याशिवाय निघू नका.