सणाचे घरकाम आणि मुलांची तालीम

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून अभ्यास, शिष्यवृत्ती आणि नोकरी या विषयांवर जाणकार मंडळी बोलतच असतात. मी आज एका अगदी घरगुती विषयावर चार शब्द बोलणार आहे. सणासुदीला आपल्या घरात हातांनी होणाऱ्या वस्तू, म्हणजे शेवया, पापड, लोणचे, शरबत, क्रोशाची टोपी, गोधडी, मुलांनी रंगवलेले ईदकार्ड, हा माझा विषय. शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात शेवयांचे काय काम, असे कुणाच्या मनात आले असेल. पण आपल्या मुलींचे मार्च महिन्यातले गुण आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या शेवया यांचा जवळचा संबंध आहे. तो संबंध मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपण राहतो त्या तिन्ही गावांकडे आधी पाहू. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्कराच्या छावणीत वसवलेले शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांतल्या बायकांनी बराकींत बसून पापड लाटले, लोणची घातली, आणि घरच्या पुरुषांनी व मुलांनी ती फिरून विकली. आजही सिंधी घरी गेलात तर पाण्याबरोबर पापड पुढे येतो, आणि होळी जवळ आली की बाजारात घीयर दिसू लागतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहतीमुळे साऱ्या देशातून माणसे आली, आणि येताना आपापल्या मुलखाची चव घेऊन आली. बदलापूरचे जांभूळ तर इतके नावाजलेले की त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पावसाच्या तोंडावर आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी भगिनी जांभळे आणि करवंदे घेऊन स्टेशनबाहेर बसतात, ते दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणजे या तिन्ही गावांत ऋतूप्रमाणे हाताने काही करणे आणि ते दुसऱ्याला देणे ही जुनी रीत आहे. ती आपल्या एकट्या समाजाची नाही.

मात्र आपल्या घराची एक अडचण वेगळी आहे. शेजारच्या काकूंचे दिवाळीचे फराळ दरवर्षी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होते. आपली ईद चंद्राच्या हिशेबाने येते. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. १९८५ साली रमजान ईद जूनच्या उत्तरार्धात होती. तेहतीस वर्षांनी, २०१८ साली, ती पुन्हा १६ जूनला आली. २००० साली तर ती जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीला, अशी एकाच वर्षात दोनदा आली होती. तसे पुन्हा २०३३ साली होईल. म्हणून आपल्या आई-नानींना दोन दिनदर्शिका सांभाळाव्या लागल्या. वाळवण सूर्याच्या हिशेबाने करायचे आणि सण चंद्राच्या हिशेबाने. ईद भर पावसात असली तर शेवया मे महिन्यातच वाळवून, हलक्या भाजून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवायच्या, कारण दमट हवेत ओल्या शेवयांना बुरशी यायला दोन दिवसही लागत नाहीत. ईद थंडीत असली तर कोवळ्या उन्हात वाळायला एक दिवस जास्त धरायचा. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहता आले नाही, ती हा सारा हिशेब तोंडी करीत होती. हीसुद्धा एक तालीमच होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सध्या रमजान परीक्षेच्या दिवसांत येत आहे. २०२५ साली आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला होता आणि दहावीची बोर्डाची परीक्षा १७ मार्चपर्यंत चालली. २०२७ सालीही रमजान फेब्रुवारी-मार्चमध्येच येणार आहे. रोजा, इफ्तारी, सहरी, ईदची साफसफाई, शिलाई, शेवया आणि बोर्डाचा पेपर, हे सगळे एकाच महिन्यात. पालकहो, मनाला विचारून पाहा, हा सगळा भार घरात कुणाच्या अंगावर पडतो? बहुतेक घरांत दहावीतली मुलगी अभ्यासाचे पुस्तक मिटून पहाटे सहरीसाठी उठते आणि संध्याकाळी भजी तळायला उभी राहते. तिचाच भाऊही दहावीत असेल, तर त्याच्या खोलीत मात्र कुणी आवाज करायचा नाही, कारण तो अभ्यास करीत असतो. निकाल लागला की मुलीचे डोके चालत नाही असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. हा न्याय नव्हे.

मग घरचे सगळे सोडून द्यावे आणि बाजारातून डबे आणावेत का? तसे मी म्हणणार नाही. घरच्या कामाचे वेळापत्रक करावे, एवढेच माझे मागणे आहे. शेवया आणि पापड जानेवारीतच होऊ द्या. नाताळच्या सुटीत टोप्या आणि ईदकार्डे होतील. काजू, बदाम, चारोळी, खारीक थोडी थोडी करून आधी घेतली तर ऐन वेळी उधारी करावी लागणार नाही. परीक्षेच्या महिन्यात ज्या मुलाचा किंवा मुलीचा पेपर असेल त्याला स्वयंपाकघरातून सुटी द्यावी आणि बाकीच्यांनी त्याचे काम वाटून घ्यावे. मुलग्यांनी शेवयांचे यंत्र फिरवायला, कांदा चिरायला, भांडी विसळायला काय हरकत आहे? आपले पैगंबर साहेब घरच्या कामात हातभार लावीत असत, हे आपण मुलांना पुस्तकातून शिकवतो. मग घरात त्याचा धडाही गिरवू द्यावा.

दुसरी गोष्ट खर्चाची. समजा, ईदला आपण दहा घरी तीनशे रुपयांचा मिठाईचा डबा पाठवतो. तीन हजार रुपये झाले. एवढ्या पैशांत एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या आणि दप्तर निघून काही पैसे उरतील. त्या डब्याऐवजी घरच्या शेवयांची पुडी, त्यात मूठभर सुका मेवा आणि मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कार्ड पाठवून पाहा. ते कार्ड लोक जपून ठेवतात. कोरड्या शेवया दिल्या तर शाकाहारी शेजाऱ्यालाही त्या आपल्या भांड्यात, आपल्या रीतीने शिजवता येतात, मनात संकोच राहत नाही. शेजाऱ्याला देण्यासाठी रश्श्यात थोडे पाणी वाढवा, आणि भेट लहान आहे म्हणून तिला कमी लेखू नका, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. दिवाळीत शेजारून आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, ही आपल्या चाळींची रीत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच जागी नेतात.

पण एक सांगून ठेवते. घरचे म्हणजे फुकटचे, असे समजू नका. रवा, तूप, गॅस यांचा खर्च वहीत मांडता, तसे आईचे तासही मांडा. हे काम सातवी-आठवीतल्या मुलांकडे द्या. किती किलो रव्याच्या किती शेवया झाल्या, किती तास लागले, बाजारभाव काय, हे त्यांनी लिहून काढले तर त्यांना गणित कळेल आणि आईची किंमतही कळेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातांना करता येतील अशा वस्तू आपल्या गावातच पडलेल्या आहेत. उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे. त्या कापडाच्या चिंध्या जोडून मजबूत पिशव्या, कंपासपेटीची खोळ, लहान भावंडांचे दप्तर शिवता येते. जुन्या साड्या आणि ओढण्यांची गोधडी नव्या बाळासाठी देण्यासारखी दुसरी भेट नाही. जांभळाचा हंगाम थोड्या दिवसांचा. गर काढून साखरेत शिजवून शरबत केले तर ते पुढे पाहुण्यांना देता येते. बिया वाळवून पूड करणारे पुष्कळ आहेत, पण त्या पुडीवर भरवसा ठेवून मधुमेहाची डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणी बंद करू नये. आणि मुलींनो, मेंदी घरच्या पाल्याची वाटून लावा. खरी मेंदी आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. लावल्याबरोबर काळी होणाऱ्या मेंदीत केस रंगवण्याचे रसायन असू शकते आणि त्याने कातडीवर फोड उठतात. ईदच्या सकाळी दवाखान्यात जाण्याची वेळ येऊ देऊ नका.

घरचे हे कसब पुढे कुठवर जाते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच लिज्जत पापड उभा राहिला आणि हजारो बायकांच्या हाताला काम मिळाले. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण हे उदाहरण देताना मला भीतीही वाटते. उद्या कुणी म्हणेल, पापड लाटूनही नाव मिळते, मग मुलीला कॉलेजात कशाला पाठवायचे? असा अर्थ कृपा करून काढू नका. मोठ्या धंद्याला जमाखर्च लागतो, कायदा लागतो, बँकेचा व्यवहार लागतो, आणि तो शिक्षणाशिवाय येत नाही. ज्या घरात शिलाईयंत्र आले म्हणून मुलीची शाळा सुटली, त्या घरात बरकत आली असे मी म्हणणार नाही. हाताचे कसब शाळेच्या जोडीला असावे, शाळेच्या जागी नसावे.

तेव्हा माता-भगिनींनो, आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. पुढच्या ईदची तारीख, मुलांच्या परीक्षेच्या तारखा आणि उन्हाचे दिवस शेजारी शेजारी लिहा. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे, मुलग्याच्या आणि त्याच्या वडिलांच्याही, एक एक काम लिहा आणि तो कागद स्वयंपाकघरात चिकटवा. शेवया तर गोड होतीलच, आणि इन्शाअल्लाह, पेपरही चांगले जातील.