पानाचा निरोप

डहाणू-तलासरीकडचे जुने गरवे भात पंधरा दिवस उशिरा लावले, तरी निसवते जवळपास त्याच सुमारास. दिवस लहान होऊ लागल्याचे पानाला कळते, शेंड्याला नव्हे. मग पानात एक प्रथिन तयार होते, रसवाहिन्यांतून शेंड्याशी पोहोचते, आणि तेथे पानांऐवजी लोंबी धरते. असा निरोप्या असावा, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३७ साली मांडले. भातात तो निरोप्या हे प्रथिनच, असे जपानी संशोधकांनी दाखविले २००७ मध्ये. सत्तर वर्षे लागली!

मात्र हा निरोप्या आभाळाकडे पाहत नाही. हस्ताचा पाऊस चुकला, तरी तो निघतोच. मग वरकस जमिनीत दाण्याऐवजी पळिंज हाती येते. हळव्या भाताला दिवसाच्या लांबीची एवढी पर्वा नसते. माळावर हळवेच लावा, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.