‘बघू’ म्हणजे कधी?



आम्ही बँकेतली कारकून मंडळी. चेकवर आकडी रक्कम एक आणि अक्षरी दुसरी असेल, तर १८८१च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. (प्रत्यक्षात असा चेक परतच जातो, ते सोडा!) शब्दाला एवढा मान देणारे आम्ही घरी फोन करून सांगतो, ‘चार माणसं येताहेत, भाजी वाढवा.’ तिथे चार म्हणजे तीनही आणि सहाही. बिघडत काही नाही. स्थळाला नकार देताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतो. त्या मोघमपणामुळेच उद्या समोरासमोर आलो तर हसून बोलता येतं.

आमची हरकत आहे ती निवडणुकीतल्या ‘आपण’ला. ‘मराठी शाळांचं आपण बघू.’ हा आपण कोण? मराठीत त्याचा अर्थ आदरार्थी ‘तुम्ही’ होतो, आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही होतो. उमेदवार बोलून जातो, आम्ही टाळ्या वाजवतो, आणि बघायचं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं शिक्षण लागू केलं, ते वयाचे आकडे घालून: मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १०. कारभारातल्या शब्दांचा गोंधळ नको म्हणून १९३१ साली आठ भाषांचा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले की चहा जरूर द्यावा. मग विचारावं: कोणती शाळा, किती शिक्षक, कुठल्या महिन्यात? ‘बघू’ म्हणाले, तर तेही तारीख घालून लिहून घेऊ, खाली सहीसकट.