लंडी खाना नावाचे स्टेशन
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुढे मुलांचे नाटक आहे, तेव्हा थेट विषयावर येतो. आपल्यात एचएएलवाले बरेच. त्यांच्यासमोर रेल्वेवाल्याने विमानावर बोलणे म्हणजे धाडसच! पण या गोष्टीत एक स्टेशन आहे, म्हणून ती माझीही.

दिलीप परुळकर हे नाव काहींनी ऐकले असेल. १९६५ च्या युद्धात खांद्याला गोळी लागूनही त्यांनी विमान तळावर परत आणले. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र त्यांचे सुखोई-७ पाकिस्तानात पडले. पॅराशूटने जीव वाचला, खाली जमावाचा मार बसला, आणि पुढे रावळपिंडीची युद्धकैद्यांची छावणी.

युद्ध संपले तरी सुटकेचा पत्ता नव्हता. परुळकर, गरेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा हळूहळू सैल केल्या. १३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, वादळात, ते बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून सकाळी लंडी कोतल. अफगाण सरहद्द उरली चार मैल!

त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. नकाशात ते रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते. खैबरची ही लाइन म्हणजे आमच्या पेशातले नवलच, जमरूद ते लंडी कोतल ३४ बोगदे, डोंगर चढायला गाडी पुढे-मागे करणारी रिव्हर्सिंग स्टेशने. लाइन १९२६ साली लंडी खान्यापर्यंत नेली आणि १९३२ साली तो तुकडा बंदही केला. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेले स्टेशन विचारणारे हे कोण? त्या काळी बंगाली लोक त्याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत. संशय आला, आणि तिघे तहसीलदारापुढे उभे राहिले.

तिथे जीवावरच बेतले होते. परुळकरांनी डोके शांत ठेवून सांगितले, पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांच्या एडीसींना फोन लावा. ते एडीसी म्हणजे उस्मान हमीद, छावणीचे पूर्वीचे प्रमुख. माणूस सज्जन. त्यांनी ओळख दिली, तिघांना सुरक्षित ठेवण्यास सांगितले. मला या गोष्टीत हमीदही तितकेच मोठे वाटतात, कोणाला पटो न पटो.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून सारे परतले. परुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात वारले.