रडारला चकवले, खाऱ्या वाऱ्याचे काय?

आमच्या दिघीत खाडीचा खारा वारा खिडकीच्या गजांनाही सोडत नाही. मग स्टेल्थ विमानाचे काय होत असेल? त्याचा आकार रडारच्या लहरी भलतीकडे वळवतो, अंगावरचा लेप उरलेल्या शोषून घेतो. हा लेप मोठा नाजूक. त्याची निगा सतत राखावी लागते.

१४ जून २०२५ रोजी इंधन कमी पडल्याने ब्रिटनचे एफ-३५बी तिरुअनंतपुरमला उतरले. पुढे हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली, विमान ऐन पावसाळ्यात उघड्यावर अडकले. ब्रिटनहून तंत्रज्ञ आले, तेव्हा कुठे ते २२ जुलैला उडाले.

आपल्या ‘अ‍ॅम्का’ या स्टेल्थ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते किनाऱ्यावर ठेवायचे, तर कोरडे हँगर आणि दुरुस्तीचे जाणते हात आतापासूनच तयार करायला हवेत.